जर्मनीतील भाड्याचे घर आणि वास्तव्याचा परवाना

2022-23 च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे, आणि पुण्यामुंबईच्या मॅक्स म्युलर भवनांत भाषा शिकून तिकडे गेलेली मराठी मुलेमुलीही त्यांत आहेत. प्रवेश, विमा आणि बँकेत गोठवून ठेवायची रक्कम यांची तयारी ही मुले घरूनच करून जातात. मात्र भाड्याचे घर आणि व्हिसाची मुदतवाढ या दोन स्वतंत्र अडचणी आहेत असे समजून ती निघतात, आणि पुढचा बराचसा मनस्ताप या समजुतीतूनच उद्भवतो. जर्मन प्रशासनात या दोन गोष्टी एका कागदाने एकमेकींशी बांधलेल्या आहेत.

जर्मनीत राहायला गेलेल्या व्यक्तीला, मग ती जर्मन असो वा परदेशी, घरात प्रवेश केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. 1 नोव्हेंबर 2015 पासून अमलात आलेल्या नोंदणी कायद्यानुसार त्यासाठी केवळ भाडेकरार पुरत नाही, तर ही व्यक्ती आपल्या घरात राहायला आली आहे असे घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र जोडावे लागते. ही नोंदणी झाल्याशिवाय कर क्रमांक मिळत नाही, आणि कोणत्या गावाच्या परदेशी नागरिक कार्यालयाने, म्हणजे ‘ऑसलेंडरबेहोर्डे’ने, वास्तव्याचा परवाना द्यायचा हेही राहत्या गावावरून ठरते. त्यामुळे ‘खोली मिळेल, पण पत्त्याची नोंदणी करता येणार नाही’ अशी अट घालणाऱ्या जाहिराती, विशेषतः मूळ भाडेकरूने परस्पर ठेवलेल्या पोटभाडेकरूंच्या बाबतीत, कितीही स्वस्त वाटल्या तरी टाळलेल्याच बऱ्या. नोंदणीस सहकार्य करणे हे घर देणाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि तो नकार देत असेल, तर भाडेकरूने ते विनाविलंब नोंदणी कार्यालयाला कळवावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात न राहता केवळ पत्ता विकत घेण्याचा मार्ग मात्र घातक ठरतो, कारण अशा खोट्या पत्त्याची सोय करून देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

घराच्या व्यवहारात परदेशी माणूस सर्वाधिक नाडला जातो तो अनामत रकमेत. ही रक्कम मूळ भाड्याच्या, म्हणजे पाणी, कचरा, हीटिंग इत्यादी खर्च वगळलेल्या भाड्याच्या, तिपटीहून अधिक असू शकत नाही. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे, आणि पहिला हप्ता भाड्याचा काळ सुरू होताना देय होतो. याचाच अर्थ असा, की घर न दाखवता, करारही न करता आधी पैसे पाठवा आणि किल्ल्या कुरिअरने मिळतील, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ताबा घेताना प्रत्येक डाग, चीर आणि मीटरचे आकडे नोंदवून दोघांनी सही केलेला तक्ता पुढे अनामत परत मागताना सर्वांत मोठा आधार ठरतो.

राहू लागल्यावरचा नेहमीचा वाद बुरशीचा असतो. हिवाळ्यात बंद खिडक्यांच्या घरात स्वयंपाकाची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे यांमुळे थंड भिंतींवर ओल धरते, आणि घरमालक भाडेकरूच्या सवयींकडे बोट दाखवतो. दिवसातून काही वेळा खिडक्या पूर्ण उघडून थोडा वेळ हवा खेळवणे ही तिथली रीत आहे आणि ती पाळावीच. परंतु दोष बांधकामातला असेल, तर त्याची जबाबदारी मालकावर येते. दोषाची सूचना मालकाला द्यावी लागते, आणि ती तारीख घालून लेखी दिलेली बरी. घराची उपयुक्तता लक्षणीयरीत्या घटली असेल, तर कायद्याने भाडेही त्या प्रमाणात कमी होते, मात्र आपल्या अंदाजाने मोठी कपात करणे धोक्याचे आहे, कारण थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी झाली तर मालक नोटीस-मुदत न देता करार संपवू शकतो, आणि घर गेले की पत्त्याचाही प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून भाडे पूर्ण भरत राहून ‘हक्क राखून भरले’ असे लेखी कळवावे, आणि भाडेकरूंच्या स्थानिक संघटनेचा, ज्याला ‘मीटरफेराइन’ म्हणतात, वार्षिक वर्गणी भरून सल्ला घ्यावा, हे अधिक शहाणपणाचे. विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनाही अनेक ठिकाणी असा प्राथमिक सल्ला विनामूल्य देतात.

मुदतवाढीच्या बाबतीत जर्मन कायदा परदेशी माणसाला वाटतो त्याहून बराच उदार आहे, पण तो तारखेला पक्का आहे. दीर्घकालीन राष्ट्रीय व्हिसा किंवा निवास परवाना संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज दाखल झाला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना, काम करण्याच्या मुभेसह, चालू आहे असे कायदा मानतो, आणि तसे दाखवणारा ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा तात्पुरता दाखला कार्यालय देते. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसाला ही सवलत नाही. मोठ्या शहरांतील कार्यालयांत भेटीची वेळ मिळायला कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात, आणि केवळ भेटीची वेळ मागणे म्हणजे अर्ज करणे असे सर्वत्र मानले जात नाही. म्हणून मुदत संपण्यापूर्वी पुरेसे आधी, आवश्यक कागदांसह अर्जच पाठवून त्याची पोच जपून ठेवावी. अर्ज उशिरा गेल्यास अन्याय्य कष्ट टाळण्यासाठी सवलत देण्याचा अधिकार कार्यालयाला आहे, परंतु तो वापरणे त्याच्या विवेकावर अवलंबून राहते.

अर्ज प्रलंबित असताना दुसऱ्या शहरात घर बदलणे ही यातील सर्वांत अवघड अवस्था होय. नव्या गावात नोंदणी होताच अर्जाची जबाबदारी सहसा तिथल्या कार्यालयाकडे जाते, जुनी फाइल तिकडे पोहोचेपर्यंत निर्णय लांबतो, आणि हातातील तात्पुरत्या दाखल्याची मुदत त्याच दरम्यान संपू शकते. अशा वेळी नव्या पत्त्याचे नोंदणीपत्र, जुन्या अर्जाची पोच आणि चालू दाखल्याची प्रत जोडून नव्या कार्यालयाला स्थलांतर लगेच लेखी कळवावे, आणि नवा दाखला हाती येईपर्यंत भारतभेटीचे तिकीट काढणे लांबणीवर टाकावे.