तुलना कशासाठी? वसईचे दोन तह

विद्यापीठातल्या तौलनिक निबंधात बहुधा साम्ये एका परिच्छेदात, भेद दुसऱ्यात मांडले जातात आणि लेखणी थांबते. ही यादी झाली, तुलना नव्हे. तुलनेला समान पाया हवा आणि नेमका निकषही.

वसईचेच उदाहरण घ्या. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी चिमाजीअप्पांशी तह करून किल्ला सोडला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथेच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. ‘आधी उत्कर्ष, मग ऱ्हास’ हे तुलनेविनाही सांगता येते. निकष असा ठेवू : दुबळ्या बाजूने काय गमावले, काय राखले? पोर्तुगीजांनी किल्ला गमावला, पण ते शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडले. यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या बाजीरावाने गादी राखली. मात्र इंग्रजी फौज स्वीकारली, तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख दिला आणि इंग्रजांना विचारल्याविना इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे कबूल केले.

म्हणजे किल्ला सोडणाऱ्याचे स्वातंत्र्य शाबूत राहिले, गादी राखणाऱ्याचे गेले. हा निष्कर्ष एकेक तह सुटा वाचून हाती लागत नाही. तौलनिक निबंधाचे प्रयोजन तेच.