खुर्चीत कोण बसले आहे?

आमच्या इंदुरात भंवरकुव्याच्या चौकात संध्याकाळी उभे राहिले, की निम्म्या मध्यप्रदेशातील तरुण मुले-मुली तेथे भेटतात. राज्य लोकसेवा आयोगाचे कार्यालय याच शहरात. त्यामुळे शिकवण्या, वाचनालये, खानावळी आणि पोह्यांच्या गाड्या यांची तेथे एक स्वतंत्र वसाहतच होऊन बसली आहे. लेखी परीक्षेचा निकाल लागला आणि मुलाखतीचे दिवस जवळ आले, म्हणजे चहाच्या पेल्याभोवती एक प्रश्न हमखास निघतो : “समोर बाई असतील की साहेब?” मुलगे म्हणतात, बाई असल्या की मुलींचे फावते. मुली म्हणतात, बाई असल्या की आमची धडगत नाही, साहेब निदान सौम्य बोलतात. दोन्ही पक्ष सारख्याच खात्रीने बोलतात, आणि दोघांचाही पुरावा म्हणजे कुणा मैत्रिणीच्या चुलतभावाचा अनुभव !

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्ध्या तासाच्या त्या संभाषणावर एखाद्या घराची चूल अवलंबून असते. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे, आणि माणसे मागे पडतात ती एक-दोन गुणांनी. मुलाखतीत वशिल्याला वाव राहतो म्हणूनच केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ श्रेणीच्या पदांसाठी मुलाखत घेणेच बंद केले.

खुर्चीत कोण बसते याने फरक पडतो काय? जुनी दप्तरे पाहिली तर ‘पडतो’ असेच उत्तर द्यावे लागेल. आपल्याकडे पहिला लोकसेवा आयोग १९२६ साली स्थापन झाला. पण केंद्रीय आयोगाच्या अध्यक्षपदी स्त्री येण्यास १९९२ साल उजाडावे लागले. रोझ मिलियन बॅथ्यू या त्या पहिल्या अध्यक्षा. मधल्या ६६ वर्षांत अध्यक्षाच्या खुर्चीतून उमेदवाराकडे पाहिले ते पुरुषांनीच.

त्या काळातल्या दोन मुलाखती शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्रसेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतील त्या पहिल्या स्त्री. मुलाखतीच्या वेळी आयोगाच्या अध्यक्षांनी आपणांस या सेवेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, आणि पुढे आपणच मुलाखतीत तुम्हांला कमीत कमी गुण दिले असे त्यांनी सांगितले, असे मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयातील आपल्या याचिकेत नमूद केले आहे. लग्न केल्यास राजीनामा देईन असे हमीपत्रही त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले होते. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकरणाच्या निकालपत्रात सेवानियमांतील अशा पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले.

दुसरी मुलाखत १९५१ सालची. ॲना राजम जॉर्ज (पुढे मल्होत्रा) प्रशासकीय सेवेसाठी मंडळासमोर गेल्या. समोर सारे पुरुष सदस्य. त्यांनी सल्ला दिला, की बाई, ही जिल्ह्याची दगदग तुम्हांला कशाला? परराष्ट्रसेवा घ्या, ती स्त्रियांना शोभेशी आहे ! दोनच वर्षांपूर्वी एका स्त्रीला जी सेवा झेपणारी नव्हती, तीच आता दुसरीला शोभू लागली. उमेदवार जी वाट मागेल ती सोडून दुसरी कोणतीही वाट तिला योग्य, असा हा न्याय. ॲनाबाईंनी तो मानला नाही. त्या मद्रास प्रांतात गेल्या आणि होसूरला उपजिल्हाधिकारी झाल्या.

आमच्या इंदूरच्या लेकीचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचा जन्म इंदूरचा. १९३३ साली त्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून नकार दिला. कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही. तेव्हा पहिले वर्ष परीक्षेवर ठेवू, काम पाहू आणि मग ठरवू, अशी अट घालून त्यांना घेण्यात आले. वर्षाने रामन यांचे मत पालटले आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई १९३९ साली केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. खुर्ची तीच होती, खुर्चीतला पुरुषही तोच होता. मध्ये एक वर्षाचे काम त्याच्या डोळ्यांपुढून गेले होते, इतकेच.

मग खुर्चीत स्त्रिया बसवाव्यात, म्हणजे न्याय आपोआप होईल, असे कोणी म्हणेल. येथे मात्र पुरावा निराळे बोलतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज १२७ विज्ञान-प्राध्यापकांकडे धाडला. काहींकडे पुरुषाच्या नावाने, काहींकडे स्त्रीच्या. अक्षरन् अक्षर सारखे असता पुरुष उमेदवार अधिक लायक ठरला. त्याला सुमारे ३०,२०० डॉलर वार्षिक वेतन सुचविले गेले, तिला सुमारे २६,५००. आणि हा भेद प्राध्यापिकांनीही प्राध्यापकांइतकाच केला ! इटली व स्पेन येथील प्राध्यापक-निवडीच्या सुमारे १ लाख अर्जांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निवडसमितीत स्त्रिया वाढल्या म्हणून स्त्री-उमेदवारांचे यश वाढले, असे त्यात दिसले नाही. उलट इटलीत, समितीत स्त्री आली की पुरुष सदस्यच स्त्री-उमेदवारांशी अधिक कडक वागले.

हे असे का व्हावे, याचा थोडा उलगडा मला घरच्याच अनुभवातून झाला. एका लहानशा शिक्षणसंस्थेच्या निवडसमितीवर मी बरीच वर्षे बसत आलो आहे. समितीत पाच जण; त्यांत एक बाई. मी तेथे जाण्यापूर्वीपासूनची वहिवाट अशी, की शिक्षिकेची मुलाखत असली की विषयाचे प्रश्न आम्ही पुरुषांनी विचारावयाचे, आणि शेवटी अध्यक्षांनी मान वळवून म्हणावयाचे, “बाई, ते घरचे काय ते आता तुम्हीच विचारा.” मग बाईंनी विचारावे : लग्न झाले आहे का, मूल केवढे आहे, सासूबाई सांभाळतील का? उमेदवार मुलगी बाहेर जाऊन सांगणार, की बाईंनीच छळले. पुरुष मंडळी सौम्यची सौम्य ! नावडता प्रश्न बाईंच्या तोंडी घालून बाकीच्यांनी आपले हात स्वच्छ ठेवले होते, हे तिला कोठून दिसावे?

एका वर्षी बाईंनीच बंड केले. “शाळा सकाळी सातला भरते. वेळेवर येता येईल का, एवढेच आपल्याला हवे ना? मग ते सगळ्यांना विचारा,” असे म्हणून त्यांनी प्रश्नांचा कागदच तयार करून आणला. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आणि चर्चेपूर्वी ज्याने-त्याने आपले गुण लिहून टाकावयाचे. कुरकूर झाली, पण कागद टिकला.

त्याच वर्षी गणिताच्या जागेसाठी एक तरुण आला. विषय उत्तम. सातचा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, “सर, आई अंथरुणाला खिळली आहे. तिचे सकाळचे सारे मीच करतो. सातला मला जमणार नाही.” खोलीत क्षणभर शांतता पसरली. पुरुषाच्या घरी सकाळी काय असते, हे आमच्या समितीने आजवर कधी विचारलेच नव्हते. त्याला दुपारच्या पाळीत घेतले. पुढच्या वर्षी तान्हे मूल असलेली एक शिक्षिका आली, तिनेही तेच उत्तर दिले. तिलाही दुपारची पाळी मिळाली. पूर्वी त्याच उत्तरापायी तिच्यासारख्यांची नावे खोडली जात. समितीत अजूनही पुरुष चार आणि बाई एक. बदलला तो कागद.

म्हणून भंवरकुव्यावरील मुलामुलींना मी सांगत असतो, की समोर कोण बसणार याची चौकशी करण्यात रात्र घालवू नका. ते तुमच्या हाती नाही. घरचा प्रश्न आलाच, तर “कामाच्या वेळा मी पाळीन” एवढे सरळ उत्तर द्या आणि विषयावर या. मुलींनी हेही ध्यानी ठेवावे, की राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत केवळ स्त्री म्हणून अपात्र ठरविण्यास मनाई केली आहे. ते आपल्यावर कोणी केलेले उपकार नव्हेत.

आणि समित्यांवर बसणाऱ्यांना विनंती अशी, की स्त्रिया घ्या, अवश्य घ्या, एकीवर थांबू नका. पण त्यांना खुर्ची देताना घरचे प्रश्न विचारण्याचे काम तेवढे त्यांच्या पदरी बांधू नका. जो प्रश्न तुम्ही पुरुष उमेदवाराला विचारणार नाही, तो त्या खोलीत कोणालाच विचारू नका.