तान्ह्या बाळाची टाळू

मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर गेलो होतो. एक आजी नातवाच्या टाळूवर तेल जिरवीत बसली होती. पोराला दोन दिवस जुलाब होत होते आणि टाळू खोल बसली होती, ती तेलाने भरून येईल असे आजीचे म्हणणे. खूण तिने बरोबर ओळखली होती; उपाय चुकत होता. शहरातल्या आपल्या घरांतही हेच चालते, म्हणून हे लिहितो आहे.

शाळेत आपण पाठ केले की कवटीत २२ हाडे. ८ मेंदूच्या पेटीची, १४ चेहऱ्याची. त्यांपैकी खालचा जबडा तेवढा हलतो. मोठ्या माणसाच्या डोक्याची हाडे करवतीच्या दात्यांसारखी एकमेकांत घट्ट बसलेली असतात. तान्ह्याचे तसे नसते. त्याचे कपाळसुद्धा दोन तुकड्यांचे असते. बाळंतपणात ही हाडे थोडी एकमेकांवर सरकतात, म्हणून डोके बाहेर येऊ शकते. पुढे मेंदू झपाट्याने वाढतो. जन्माच्या वेळी सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात ४६ च्या आसपास जातो. हाडे आधीच जुळली असती तर मेंदूला जागा कुठून मिळाली असती?

हाडांच्या मधली चिवट पडद्याची जागा म्हणजे टाळू. मागची दोन-तीन महिन्यांत बुजते. पुढची, शंकरपाळ्याच्या आकाराची, साधारण दीड वर्षापर्यंत. ती हाडाच्या वाढीने बुजते, तेलाने नाही. फार उशीर झाला तर मुडदूस किंवा दुसरा आजार नाही ना, हे डॉक्टरांना विचारावे.

बाळ शांत असताना, उभे धरून टाळू पाहावी. ती जराशी उडते, त्यात भिण्यासारखे काही नाही. जुलाब-उलट्यांत खोल गेली, तर अंगातले पाणी आटले असे समजावे. तापात फुगून ताठ झाली, तर तडक दवाखाना गाठावा.

जुलाबात अंगावरचे दूध तोडू नये. क्षारसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने पाजावी. आशाताईकडे ही पुडी आणि जस्ताच्या गोळ्या मिळतात. गोळ्या १४ दिवस द्यायच्या. बाळ मलूल पडले, पीतच नसेल, तर १०८ ला फोन करावा. अतिकुपोषित पोराचे मात्र वेगळे. त्याचे डोळे एरवीही खोल गेलेले असतात आणि जास्त पाणी त्याला सोसत नाही. त्याला दवाखान्यातच न्यावे.

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस, उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, आणि दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर. अशा ठिकाणी स्वच्छ लिटरभर पाणी आणा म्हणणे सोपे. आणायचे कुठून, हे सांगणाऱ्यानेही पाहिले पाहिजे.

त्या दिवशी पाणी उकळून, गार करून, पुडी कालवीपर्यंत तासभर गेला. आजीने विचारले, तेल लावायचेच नाही का? म्हटले, लावा की, पोर बरे झाल्यावर.