जुनी सिझर लिफ्ट घेण्याआधी

भिवंडीतल्या नव्या गोदामांची छतं दहा-बारा मीटरवर गेली आहेत. तिथे दिवा बदलायचा, स्प्रिंकलरचा पाईप जोडायचा किंवा केबल ट्रे टांगायचा, तर लाकडी घोडा पुरत नाही आणि बांबूची परांची बांधण्या-सोडण्यातच दिवस जातात. नवी सिझर लिफ्ट छोट्या ठेकेदाराला परवडत नाही, म्हणून तो वापरलेली शोधतो किंवा भाड्याने आणतो. सौदा करताना किंमत आणि उंची विचारली जाते, रंग पाहिला जातो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. यंत्र वरच बंद पडलं, तर माणूस सुखरूप खाली येईल का?

या बाजारातलं ओळखीचं यंत्र म्हणजे जीनी कंपनीची जीएस-१९३०. १९ म्हणजे प्लॅटफॉर्मची उंची १९ फूट आणि ३० म्हणजे रुंदी ३० इंच, त्यामुळे ती साध्या दारातून आत जाते. विकणारा बहुतेक वेळा ‘वर्किंग हाइट’ सांगतो. तिच्यात उभ्या माणसाच्या हाताची पोच धरलेली असते, साधारण दोन मीटर. प्लॅटफॉर्म ५.८ मीटरवर असेल, तर जाहिरातीत ७.८ मीटर दिसतं. दहा मीटरवरच्या छतासाठी हे यंत्र उपयोगाचं नाही, आणि ते साइटवर पोचल्यावर कळलं तर जाण्या-येण्याचं ट्रकभाडं अंगावर पडतं.

लिफ्ट वर जाते ती पंपाच्या जोरावर, खाली येते ती स्वतःच्या वजनाने. उतरताना फक्त झडप उघडते आणि सिलिंडरमधलं ऑइल टाकीत परततं. म्हणून बॅटरी पूर्ण बसली तरी खाली उभा असलेला माणूस इमर्जन्सी लोअरिंगचा नॉब ओढून प्लॅटफॉर्म उतरवू शकतो. जुन्या यंत्रात हा नॉब गंजून अडकलेला असू शकतो. तो आपल्यासमोर, लिफ्ट वर असताना ओढून दाखवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर तिथूनच परत फिरावं.

चाचणी रिकाम्या प्लॅटफॉर्मवर घेऊ नये. जीएस-१९३० ची क्षमता २२७ किलो आहे. सिमेंटच्या चार गोण्या ठेवल्या की २०० किलो होतात. लिफ्ट मिटलेली असताना सिलिंडर आडवा पडलेला असतो, त्यामुळे सगळ्यांत जास्त जोर पहिल्या फूटभरातच लागतो. पंप कण्हत असेल, तर तो तिथेच ऐकू येतो. मग अर्ध्या उंचीवर थांबवून प्लॅटफॉर्मची उंची मोजा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. हळूहळू खाली सरकत असेल, तर सिलिंडरचं सील किंवा झडप गेली आहे. गोण्या उतरवल्यावर सेफ्टी आर्म लावूनच कैचीत डोकवा. पिना आणि बुश किती खेळतात, होस पाईपला भेगा आहेत का, जोडाजवळ वेल्डिंगचा नवा थर आहे का, ते पाहा. बाकी यंत्राचा रंग जुना आणि एकाच सांध्यावरचा ताजा असेल, तर तो का, हे विचारलंच पाहिजे.

आवरमीटर पाहावा, पण त्यावर विसंबू नये. मीटर बदलता येतो, झिजलेला बुश मात्र लपत नाही.

बॅटरीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. ६ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीत जोडून २४ व्होल्ट होतात, आणि त्यातला एक सेल कमकुवत झाला की चारही थकतात. पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासा. घनता १.२६ ते १.२८ च्या आसपास हवी आणि सेलांमध्ये फार तफावत नको. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर न घातलेला संच आपल्याकडच्या उन्हाळ्यात फार टिकत नाही. नव्या संचाचा खर्च आधीच किमतीत धरून बोलावं.

आता सुरक्षेची साधनं. लिफ्ट वर गेली की चेसिसच्या दोन्ही बाजूंचे पॉटहोल गार्ड खाली आले पाहिजेत, कारण चाक गटाराच्या झाकणात गेलं तर तेच यंत्राला तोलतात. आडवा दीड अंश किंवा पुढे-मागे तीन अंश कल झाला की अलार्म वाजला पाहिजे आणि वर जाणं थांबलं पाहिजे. वर आणि खाली, दोन्हीकडचं लाल बटण चाललं पाहिजे. ओझं मोजणारा सेन्सर आहे का, तेही विचारा. युरोपच्या मानकात तो बऱ्याच आधीपासून सक्तीचा आहे. अमेरिकेत तो नव्या यंत्रांना सक्तीचा झाला तो २०२० पासून लागू झालेल्या एएनएसआय मानकाने. त्यामुळे आयात केलेलं यंत्र कुठल्या बाजारासाठी बनलं, यालाही महत्त्व आहे. सिरियल नंबरची पाटी आणि आयातीची कागदपत्रं जुळवून घ्यावीत. नियंत्रण कार्ड आणि जॉयस्टिक भारतात मिळतात का, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी.

वाऱ्याला कमी लेखू नये. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या नोट्र डेम विद्यापीठात फुटबॉलच्या सरावाचं चित्रीकरण करणारा एक विद्यार्थी सोसाट्याच्या वाऱ्यात सिझर लिफ्ट कोसळून गेला. जीएस-१९३० वर आत दोन माणसं चालतात, उघड्यावर एकच. वळवाच्या दिवसांत अर्धवट पत्रे लागलेली शेड उघडीच समजावी.

काम थोड्या आठवड्यांचं असेल, तर भाड्यानेच घ्यावी. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस लिफ्ट लागत असेल आणि देखभालीला आपला माणूस असेल, तरच खरेदीचा विचार करावा. भाड्याच्या करारात वाहतूक, ऑपरेटर, बिघाड झाल्यास बदली यंत्र आणि बंद दिवसांचं भाडं स्पष्ट लिहून घ्या. फरशीची आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची ताकद इंजिनिअरला विचारा, कारण ही अरुंद लिफ्टसुद्धा हजार किलोंच्या वर भरते.

प्लॅटफॉर्मवर चढणारा वायरमन किंवा फिटर सौद्याला बहुधा हजर नसतो. यंत्र पाहायला जाताना त्याला सोबत न्या, नॉब त्याला स्वतः ओढून पाहू द्या, आणि टोकन त्यानंतरच द्या.