बंद पडलेल्या यंत्रातली मराठी

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीतली दिवाळी अंकांची परंपरा तिथून सुरू झाली, असे आपण मानतो. त्या अंकाची प्रत एखाद्या जुन्या ग्रंथालयात हाती आली, तर ती वाचायला डोळे, उजेड आणि अक्षरओळख एवढे पुरते. आता १९९३ सालचा कुठलाही दिवाळी अंक घ्या. त्याची छापील प्रतही तशीच वाचता येईल. पण तो अंक संगणकावर जुळवून ज्या फ्लॉपीवर साठवला, ती फ्लॉपी आज कोणी तुमच्या हातावर ठेवली तर तिचे काय कराल? ती ज्या खाचेत सरकवायची ती खाच आजच्या संगणकाला नाही. खाच मिळवली तरी पडद्यावर मराठी उमटेलच असे नाही. वयाने चौऱ्याऐंशी वर्षांनी धाकटा असलेला दस्तऐवज थोरल्याच्या आधी मुका झाला आहे.

मी भुईगावात राहतो आणि जुने संगणक मिळवून ते पुन्हा चालते करतो. जुनी नाणी किंवा ग्रामोफोन जमवण्यासारखाच हा एक छंद, असे पाहणाऱ्याला वाटते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र या कामात एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली. साधारण १९८८ ते २००५ या काळात संगणकावर लिहिली गेलेली बरीच मराठी अशा स्वरूपात आहे की ती वाचण्यासाठी त्या काळचे यंत्र, त्या काळचा फॉन्ट किंवा निदान त्यांची नेमकी माहिती हवी. ही मराठी कशी साठवली गेली आणि ती परत कशी मिळवता येते, हे सांगण्याचा इथे प्रयत्न आहे.

सोन्याशी स्पर्धा

जुना संगणक मिळण्याची ठिकाणे ठरलेली आहेत: बंद झालेला छापखाना किंवा डीटीपीचे दुकान, एखाद्या पतपेढीचा पोटमाळा, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्ल्या आणि सगळ्यांत जास्त म्हणजे भंगारवाला. त्याच्याकडे माझी खरी स्पर्धा दुसऱ्या संग्राहकाशी नसते, सोन्याशी असते. नव्वदच्या दशकातल्या चिनी मातीच्या प्रोसेसरांत आणि कार्डांच्या सोनेरी दातांवर सोन्याचा पातळ थर असतो. तो आम्लात उतरवण्यासाठी असे सुटे भाग वजनावर विकले जातात. मराठी दाखवणारे दुर्मीळ कार्ड आणि साधे कार्ड या दोहोंना तिथे एकच भाव. वितळवणाऱ्याला त्यावर कोणती लिपी होती याच्याशी कर्तव्य नसते.

खारा वारा आणि चार शत्रू

भुईगावचा किनारा सुरूच्या बनामागे आहे. समुद्रावरून येणारा वारा माणसाला सुखाचा, पण तांब्याला मारक. हवेतले मीठ आणि दमटपणा मिळून सर्किटच्या बारीक तारांवर हिरवट-काळी पुटे चढवतात. त्यामुळे माझ्याकडची यंत्रे झाकणबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात आणि फ्लॉप्यांच्या कपाटात पावसाळाभर एक छोटा बल्ब जळत असतो.

दुसरा शत्रू यंत्राच्या पोटातच बसलेला असतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या मध्यापर्यंतच्या अनेक मदरबोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी थेट झाळलेली असे. काही वर्षांनी ती फुटते आणि तिच्यातला अल्कधर्मी द्रव आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खातो. अशी बॅटरी आधी कापून काढायची, डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने मारायचे, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पूर्ण वाळल्यावर भिंगाखाली तुटलेली प्रत्येक रेघ बारीक तारेने जोडायची. तिसरा शत्रू म्हणजे वीजपुरवठ्याच्या डबीतले सुकलेले किंवा फुगलेले कपॅसिटर. ते तपासल्याशिवाय बटण दाबायचे नाही. पहिल्यांदा वीज देताना आपले वायरमन वापरतात तो सिरीज बल्ब लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचते.

चौथा शत्रू म्हणजे फ्लॉपीवरची बुरशी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या लवचीक चकतीवर चुंबकीय लेप असतो आणि कोकणपट्टीच्या हवेत त्यावर पांढरट जाळी धरते. अशी फ्लॉपी तशीच घातली तर वाचणारे डोके बुरशीने भरते आणि पुढच्या फ्लॉपीवर ओरखडे पडतात. त्यामुळे आवरणाची कड कापून चकती बाहेर काढायची, अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायची, दुसऱ्या स्वच्छ आवरणात घालून वाचायची. प्रत्येक चकतीनंतर डोके पुन्हा पुसायचे. वाचतानाही एकेक फाइल उघडत बसायचे नाही. ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारखी छोटी उपकरणे चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतात. पुढचे सगळे काम त्या प्रतीवर होते आणि मूळ चकतीला पुन्हा हात लावावा लागत नाही.

जिस्ट: उच्चाराची नोंद

यंत्र चालू झाले आणि फ्लॉपी वाचली गेली, की अक्षरांचा खरा प्रश्न पुढे येतो. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे, हा करार असतो.

देवनागरीसाठी असा करार घडवण्याचे मोठे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे वाढले. त्यातून आलेले ‘जिस्ट कार्ड’ साध्या पीसीच्या खाचेत बसत असे. डॉसवरचे वर्डस्टार किंवा डीबेस यांना मराठीचा गंधही नव्हता. ते आपले आकडे पडद्याकडे पाठवत. कार्ड ते आकडे मध्येच उचले, जोडाक्षरे जुळवी, वेलांटी जागेवर नेई आणि पडद्यावर देवनागरी काढी.

या व्यवस्थेतला आकड्यांचा करार म्हणजे ‘इस्की’. १९९१ साली तो भारतीय मानक झाला. त्यात क म्हणजे १७९ आणि द म्हणजे १९६. कानडी, गुजराती, बंगाली क सुद्धा १७९च. लिपी बदलली तरी वर्णाचा आकडा बदलत नाही. आणि अक्षरे साठवायची ती बोलण्याच्या क्रमाने. ‘दि’ लिहिताना आधी द, मग वेलांटी. कागदावर वेलांटी आधी दिसते, ही कार्डाने सांभाळायची बाब.

हेच कार्ड काढून घेतले तर तीच फाइल पडद्यावर काय दाखवते? अमेरिकी पीसीच्या मूळ तक्त्यात १७९ म्हणजे चौकट काढण्याची उभी रेघ आणि १९६ म्हणजे आडवी रेघ. एखादी सुरेख कविता रेघांचा आणि चौकटींचा ढीग होऊन समोर येते. फाइल बिघडली, असे समजून ती पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. फाइल शाबूत असते. हरवलेला असतो तो करार.

फॉन्ट: दिसण्याची नोंद

पुढे विंडोज आले, पेजमेकर आले आणि मराठी छपाईचे रूप बदलले. सुंदर वळणाचे फॉन्ट घरोघरच्या डीटीपी केंद्रांत पोहोचले. पण या फॉन्टांनी वेगळीच वाट धरली. इंग्रजी फॉन्टात फार तर २५६ जागा असतात. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा स, काना, मात्रा, रफार. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच राहिला. फक्त त्याचा पोशाख मराठी झाला.

हिंदीत आणि मराठीतही बराच वापरला गेलेला कृतिदेव फॉन्ट उदाहरणादाखल घेऊ. त्यात ‘दिवाळी’ हा शब्द साठवला जातो तो एफ, एन, ओ, के, मोठा जी, एच असा. एफ म्हणजे पहिली वेलांटी, आणि ती द च्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. फॉन्ट काढून घेतला की दिवाळी नाहीशी होते, उरतात सहा निरर्थक इंग्रजी अक्षरे. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टात हीच दिवाळी निराळ्या अक्षरांनी लिहिलेली असते. प्रत्येकाचा तक्ता वेगळा. त्यात काही सॉफ्टवेअर प्रिंटरच्या खाचेत लावायच्या ‘लॉक’शिवाय चालतच नसत. ते लॉक हरवले की तेही दार बंद.

इथे एक उलटा न्याय दिसतो. १९९१ची डॉसमधली फाइल १९९८च्या विंडोजमधल्या फाइलीपेक्षा सोडवायला सोपी असते. इस्कीने भाषा साठवली, फॉन्टांनी भाषेचे दिसणे साठवले. आजच्या युनिकोडमधला देवनागरी विभाग इस्कीच्याच पायावर रचला गेला, त्यामुळे इस्कीतून युनिकोडमध्ये जाणे बहुतांशी आकड्याला आकडा देण्याचे काम आहे. फॉन्टातून जाताना मात्र वेलांटी उचलून मागे न्यावी लागते, रफार पुढे आणावा लागतो, तुकड्यांतून अक्षर घडवावे लागते. हिंदीपुरता बनवलेला तक्ता वापरला तर खास मराठी खुणा गळतात. ‘शेतकऱ्यांचा’चे ‘शेतकर्यांचा’ होते आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांत भेदच उरत नाही. डोंगर आणि समुद्र यांची अशी सरमिसळ किनाऱ्यावर राहणाऱ्याला विशेष खुपते.

विंडोज २०००बरोबर युनिकोड देवनागरी आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फॉन्ट संगणकावर आला. पण पेजमेकर युनिकोड देवनागरी जाणत नव्हते, म्हणून छपाईचे जग पुढेही बरीच वर्षे जुन्या फॉन्टांवरच राहिले.

अकरा फ्लॉप्या

हे सगळे कशासाठी, याचे माझ्यापुरते उत्तर एका खोक्यात होते. आमच्या भागात सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण हे दोन्ही समाज कादोडी ही बोली बोलतात. इथल्या एका शिक्षकांनी १९९२च्या सुमारास या बोलीतली लग्नाची गाणी आणि शेतीचे शब्द वृद्ध स्त्रियांकडून ऐकून टिपले आणि ओळखीच्या कार्यालयातल्या जिस्ट कार्डाच्या संगणकावर बसून टंकलिखित केले. छापणे राहून गेले. हस्तलिखित वह्या वाळवीने नेल्या. गुरुजी गेल्यावर त्यांच्या सुनेने सव्वापाच इंची अकरा फ्लॉप्या माझ्याकडे दिल्या.

अशा फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येक बाजूला ४० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात ९ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ खुणा मावतात, म्हणजे एकूण ३,६८,६४०. एक भाग वाचता आला नाही तर काना-मात्रा धरून साधारण पाऊणशे शब्द जातात. गाण्यांच्या हिशेबात एक-दोन कडवी.

अकरांपैकी आठ पूर्ण वाचल्या गेल्या, दोन अर्धवट, एक अजिबात नाही. युनिकोडमध्ये आणलेला मजकूर मी जिस्ट कार्ड असलेल्या ३८६ संगणकावर मूळ फाइल उघडून ओळीला ओळ लावून तपासला. शुद्धलेखन तपासणारी सोय बंदच ठेवली. बोलीचा शब्द तिला चूक वाटतो आणि ती त्याला प्रमाण मराठीच्या रांगेत बसवते. गुरुजींनी जसे ऐकले तसेच लिहिले होते आणि तसेच राहायला हवे होते.

अर्धवट फ्लॉप्यांतली गाणी छापून घेतली, गाळलेल्या जागा मोकळ्या ठेवल्या आणि गावातल्या वयस्क बायांना वाचून दाखवली. काही ठिकाणी एखादी आजी वाचणाऱ्याला थांबवून पुढचे कडवे म्हणू लागे. काही ठिकाणी सगळ्याच गप्प बसत. ज्यांनी ती गाणी सांगितली होती त्यांतली आज कोणीही नाही. जी कडवी अशी भरून निघाली नाहीत, त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरे कोणतेही यंत्र नाही. न वाचलेली अकरावी फ्लॉपी मी अजून सिलिका जेलमध्ये जपून ठेवली आहे.

दोन्ही एकत्र ठेवा

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला असे नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली ‘डूम्सडे बुक’ नावाची जमीन-नोंदणी झाली. तिच्या नवव्या शताब्दीनिमित्त १९८६ साली बीबीसीने देशभरातून माहिती गोळा करून लेसर डिस्कवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि संशोधकांना ती माहिती सोडवून घ्यावी लागली. १०८६चे बुक मात्र आजही वाचता येते.

म्हणून ज्यांच्या घरी, छापखान्यात किंवा संपादकीय कार्यालयात असे खोके असेल, त्यांना चार गोष्टी सुचवतो. फ्लॉपी किंवा जुनी सीडी आजच्या संगणकात सहज घालून पाहू नका. बुरशी असेल तर पहिलाच प्रयत्न शेवटचा ठरू शकतो. संगणक भंगारात द्यायचाच असेल, तर आधी त्यातली हार्ड डिस्क, वेगळे दिसणारे कार्ड आणि मागच्या खाचेतले लॉक काढून ठेवा. मजकुराबरोबर फॉन्टच्या फाइलीही जपा. आणि त्या फाइलीतून छापलेले पान, मग ते कच्चे प्रूफ का असेना, तिच्याबरोबरच ठेवा. तक्ता हरवलेला फॉन्ट सोडवताना ते पानच किल्ली होते: कागदावर दिवाळी दिसते, फाइलीत सहा अक्षरे दिसतात, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर कोणती खूण कशासाठी हे उलगडत जाते. कागद आणि यंत्र यांची ताटातूट झाली, तर दोघांतले एक कायमचे अबोल होते.