हवेचा कायदा आणि श्वास घेणारा माणूस

हवा सर्वांची आहे, ती गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो आणि वर्गात शिकवितोही. हे विधान चुकीचे नाही. परंतु धुराड्याच्या सावलीत वसलेल्या वस्तीला ते फारसे लागू पडत नाही. कारखाना कोठे उभारावा, त्याच्या कुंपणापासून किती अंतरावर घरे असावीत आणि त्या घरांत कोणी राहावे, हे वारा ठरवीत नाही, माणसे ठरवितात. धुराड्यातून काय व किती बाहेर पडते, हे आपला वायुप्रदूषणविषयक कायदा मोजतो. ते कोणाच्या छातीत जाते, हा प्रश्न मात्र तो आपण होऊन विचारीत नाही. तो विचारण्याचे काम नागरिकांकडे आणि त्यांच्या प्रतिनिधींकडे येते.

धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईत १९१२ सालीच कायदा झालेला होता. त्याहीपूर्वी, १८६० च्या भारतीय दंड विधानात वातावरण आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास शिक्षा सांगितलेली होती. ती म्हणजे जास्तीत जास्त ५०० रुपये दंड. दीडशेहून अधिक वर्षे हा आकडा तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तो १,००० रुपये केला आहे! अशा तरतुदींनी मोठ्या उद्योगांच्या धुराला आळा बसणे शक्य नव्हते, हे सांगावयास नको.

१९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनंतर या विषयाला निराळे वळण लागले. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण व नागरिकाचे कर्तव्य ठरविले आणि १९८१ साली संसदेने वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संमत केला. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासूनच काम करीत होते. १९८३ मध्ये राज्यातील काही भाग वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून घोषित झाले व १९९६ मध्ये संपूर्ण राज्यच या क्षेत्रात आले. अशा क्षेत्रात, केंद्र सरकारने सूट दिलेले उद्योग वगळता, कोणताही उद्योग मंडळाच्या संमतिपत्राशिवाय उभारता वा चालविता येत नाही. हे कलम २१ कायद्याचा कणा होय.

मूळ कायद्यात एक मोठी उणीव होती. न्यायालयात तक्रार केवळ मंडळाला किंवा मंडळाच्या लेखी पूर्वपरवानगीनेच करता येत असे. ज्याच्या घरात धूर शिरतो, त्याला अशा परवानगीविना न्यायालयाचे दार बंद होते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यांपैकी बहुसंख्य कारखान्यालगतच्या गरीब वस्त्यांतील होती. त्यानंतर १९८७ ची दुरुस्ती झाली. कलम ३१-अ अन्वये उद्योग बंद करण्याचा व त्याची वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मंडळाला मिळाला. आणि कलम ४३ अन्वये कोणत्याही व्यक्तीला, मंडळास किमान ६० दिवसांची सूचना देऊन, स्वतः तक्रार दाखल करण्याची मुभा मिळाली. अशी तक्रार झाल्यावर मंडळाने आपल्याजवळील संबंधित अहवाल त्या व्यक्तीस मागणीनुसार द्यावयाचे असतात. लोकहितास बाधा येत असेल तरच ते नाकारता येतात. ही तरतूद जितकी महत्त्वाची, तितकीच ती अपरिचित आहे.

कायदा आणि न्याय यांच्यातील अंतर पाहावयाचे असेल तर मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील माहुलचे उदाहरण घ्यावे. चेंबूरजवळची माहुल आणि आंबापाडा ही मुख्यतः मासेमारीवर जगणारी जुनी गावे. १९५४-५५ च्या सुमारास या परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे औष्णिक वीज केंद्र आले, खतांचा कारखाना आला, रसायने साठविण्याच्या प्रचंड टाक्या आल्या. गावे जागच्या जागी राहिली. बदलला तो शेजार. डोळे चुरचुरणे, छाती भरून येणे, रात्री-अपरात्री येणारा उग्र दर्प या तक्रारी रहिवासी वर्षानुवर्षे करीत राहिले. मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे दोनतृतीयांश रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा श्वास घेण्यास त्रास होत असल्याचे सांगितले.

मग कायदा काय करीत होता? येथे एक तांत्रिक मुद्दा समजून घेणे अवश्य आहे. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत हवेतील १२ प्रदूषकांची कमाल मर्यादा दिलेली आहे. सूक्ष्म धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, बेंझीन इत्यादी त्यांत येतात. टाक्यांतून व वाहिन्यांतून उडणाऱ्या बाष्पनशील संयुगांपैकी बेंझीनखेरीज टोल्युइन, झायलीन यांसारख्या अनेकांना त्यात स्थान नाही. ज्याची मर्यादाच ठरलेली नाही, त्याचे उल्लंघन झाले असे म्हणणार तरी कसे? शिवाय शहराची सरासरी काढली की एका गल्लीतील हवा त्या सरासरीत विरून जाते.

गावकरी अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे गेले. १८ डिसेंबर २०१५ रोजी न्यायाधिकरणाने माहुल व आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे मान्य केले. मानक नाही म्हणून हानी नाही, हा युक्तिवाद त्यामुळे टिकला नाही. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसविली. अशा रकमा कशा मोजाव्यात, याबद्दल कायदेतज्ज्ञांत मतभेद आहेत. पण प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी, या तत्त्वाबद्दल ते नाहीत.

या प्रकरणाचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. शहराला पाणी पुरविणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविण्याचे काम न्यायालयाच्या आदेशानुसार सुरू होते. वाहिनीची सुरक्षितता हा हेतू रास्तच होता. तेथून उठविलेल्या कुटुंबांना पर्यायी घरे देण्यात आली ती माहुल येथे, प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या ७२ इमारतींत. कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झाले. घर पक्के होते. परंतु ज्या हवेविषयी न्यायाधिकरणाने इशारा दिला होता, त्याच हवेत हजारो माणसे नव्याने आणून ठेवण्यात आली. ती शहरातील सर्वांत दुर्बळ थरातील होती, आणि जागा निवडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. यात कोणा एकाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. घरांचा विचार एका कार्यालयात होतो, हवेचा दुसऱ्या. दोन्ही फाइली एका टेबलावर येत नाहीत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र त्या दोन्ही एकत्र वाचल्या. या कुटुंबांवर माहुलची सक्ती करता येणार नाही, अन्यत्र घर देणे शक्य नसेल तर त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेश न्यायालयाने दिला. स्वच्छ हवा हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच, सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सांगितलेले होते. त्या वचनाला माहुलमध्ये घरभाड्याचे मूर्त रूप आले.

शिक्षेच्या तरतुदी अलीकडे बदलल्या आहेत. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानुसार, १ एप्रिल २०२४ पासून, अनेक उल्लंघनांसाठी कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे व तो न्यायालयाऐवजी अभिनिर्णय अधिकारी ठरवितो. यामुळे निर्णय लवकर लागतील, अशी अपेक्षा आहे. मोठ्या उद्योगाला १५ लाखांची रक्कम कितपत जाचक वाटेल, ही शंकाही अनाठायी म्हणता येणार नाही.

ग्रामीण भागात तेलशुद्धीकरण कारखाने सहसा नसतात; पण खडी क्रशर असतो, वीटभट्टी असते, साखर कारखान्याची राख असते. तेथेही धूळ बहुधा गावठाणाच्या कडेच्या वस्तीवरच पडते. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध होते, आणि प्रकल्पाच्या परिणामांचा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व संबंधित स्थानिक संस्थांकडे लोकांना पाहण्यासाठी ठेवलेला असतो. त्याचा सारांश मराठीतही असतो. सुनावणीस उपस्थितीची किमान संख्या ठरविलेली नाही. म्हणजे कोणी आले नाही तरी ती झाली असेच धरले जाते. म्हणून त्या ३० दिवसांत पंचायत सदस्यांनी सारांश मागवून घ्यावा, शाळेतील विज्ञानशिक्षकाकडून समजून घ्यावा आणि वाऱ्याच्या दिशेला कोणती वस्ती येते हे नकाशावर दाखविणारे लेखी निवेदन सुनावणीत सादर करून त्याची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी.