माहिती ही अमानत



2025-26 या वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रात संकेतस्थळावरून, म्हणजे वेबसाइटवरून होऊ लागले. लातूरच्या विद्यार्थ्यालाही आपले नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि गुण संगणकावर भरावे लागतात. बटण दाबले की अर्ज जातो. पण तो जातो कोठे? तो कोण वाचतो? या प्रश्नांची उत्तरे आपण एका मोठ्या उदाहरणावरून समजून घेऊ. ते उदाहरण म्हणजे जनगणना. उर्दूत आपण तिला मर्दुमशुमारी म्हणतो.

भारतात 1881 साली पहिल्यांदा देशभर एकाच वेळी जनगणना झाली. पुढे दर दहा वर्षांनी ती होत राहिली. मात्र 2021 ची जनगणना कोरोनाच्या साथीमुळे पुढे गेली. 16 जून 2025 रोजी केंद्र सरकारने 2027 च्या जनगणनेची अधिसूचना काढली. या जनगणनेत कागदाऐवजी मोबाइलवर नोंद करण्याचे ठरले. शिवाय कुटुंबाला संकेतस्थळावर स्वतःच माहिती भरण्याची सोय देण्यात आली. याला 'स्वगणना' म्हणतात. माहिती भरली की एक क्रमांक मिळतो. प्रगणक, म्हणजे मोजणी करणारा कर्मचारी, घरी आल्यावर त्याला तो क्रमांक सांगायचा. प्रगणक बहुतेक वेळा शाळेतील शिक्षकच असतात.

सरकारला ही माहिती कशाला हवी असते? 2011 च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या 24,54,196 भरली. अशा आकड्यांवरून शाळा किती हव्यात, पाणी किती लागेल, दवाखाना कोठे काढावा, हे ठरवता येते. यासाठी संख्या पुरते, नावे लागत नाहीत. म्हणून जनगणनेत आकडे छापले जातात, कुटुंबांची नावे छापली जात नाहीत.

पण नाव गाळले म्हणजे माणूस लपला, असे नेहमी होत नाही. समजा, एखाद्या वाडीत एकच परिचारिका राहते. त्या वाडीच्या तक्त्यात 'परिचारिका : 1' असे लिहून पुढे तिचे उत्पन्न दिले, तर ती कोण हे सारे गाव ओळखेल. म्हणून माहिती गोळा करणाऱ्याने असे लहान आकडे मोठ्या गटात मिसळून द्यायचे असतात.

माहिती देणाऱ्याला कायद्याचाही आधार आहे. 1948 च्या जनगणना कायद्याप्रमाणे विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे हे आपले कर्तव्य आहे. त्याच कायद्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे प्रगणकाची नोंदवही पाहण्याचा हक्क कोणालाही नाही. साध्या दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. परवानगीवाचून माहिती फोडणारा कर्मचारी शिक्षेस पात्र ठरतो. या कायद्यात लोकांच्या रीतिरिवाजांचाही विचार केला आहे. घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची, किंवा रिवाज नसेल तर पत्नीने पतीचे नाव उच्चारण्याची सक्ती नाही.

एवढी काळजी कशासाठी? इतिहासाकडे पाहा. हॉलंडमध्ये कारभाराच्या सोयीसाठी नागरिकांच्या नोंदी ठेवल्या जात. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने तो देश जिंकला, तेव्हा त्याच नोंदी ज्यू लोकांना शोधून काढण्याच्या कामी आल्या. 27 मार्च 1943 रोजी काही देशभक्तांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून तेथील कार्डे जाळण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी बारा जणांना देहदंड झाला. माहिती गोळा करणारा आणि पुढे ती वापरणारा एकच असेल, असे नाही.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर 2023 साली संसदेने संगणकावरील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. माहिती कशासाठी हवी हे आधी सांगावे, कामापुरतीच घ्यावी आणि नीट सांभाळावी, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा मोडणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरीही पहिली राखण आपलीच. संकेतस्थळाचा पत्ता एकेक अक्षर तपासा. प्रवेशासाठी बँकेच्या कार्डाचा गुप्त क्रमांक लागत नाही, जनगणनेसाठीही लागत नाही. तो कोणी मागितला तर थांबा आणि घरातील मोठ्यांना विचारा. सायबर कॅफेत अर्ज भरल्यावर खाते बंद करून उठा. मित्राचा अर्ज भरून देत असाल, तर त्याचा पासवर्ड दुसऱ्याला सांगू नका.

शेजाऱ्याने गावाला जाताना घराची किल्ली आपल्याकडे ठेवली, तर ती आपण जपतो. ती अमानत असते. माहितीचेही तसेच आहे. लोकांना विश्वास वाटला तरच ते खरे सांगतील, आणि खरे सांगितले तरच आकडे उपयोगी पडतील. अमानतीत खयानत झाली, तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

स्वाध्याय

1. स्वगणना म्हणजे काय?
2. नाव गाळूनही माणूस कसा ओळखू येतो? पाठातील उदाहरण सांगा.
3. हॉलंडच्या उदाहरणावरून तुम्ही काय शिकलात?
4. 'अमानत' आणि 'खयानत' हे शब्द वाक्यांत वापरा.